परमुलखांतील चाकरी व तिचें मोल

चाकरीची गोष्ट निघाली कीं ‘पगार किती?’ हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधीं विचारला जातो; आणि चाकरी परमुलखांतील असली म्हणजे बहुधा तोच प्रश्न शेवटचाहि ठरतो. पगाराचा आंकडा डॉलरांत किंवा युरोंत सांगितला जातो, ऐकणारा मनांतल्या मनांत त्याचे रुपये करतो, आणि त्या गुणाकाराचें उत्तर पाहूनच घरांतील वडील माणसें निकाल देऊन मोकळीं होतात. हातकणंगले तालुक्यांतील आमचें पेठ वडगांव हें नांवाप्रमाणेंच बाजारपेठेचें गांव. इकडील शेतकरी बैल विकत घेतांना नुसती किंमत विचारून थांबत नाहीं. तो दांत पाहतो, खांदा पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं हात घालतो. परंतु संगणकाचें शिक्षण घेतलेल्या आपल्या मुलाला परदेशांतून बोलावणें आलें म्हणजे तोच शेतकरी केवळ आंकड्यावर भाळतो, हें आश्चर्य नव्हे काय?

या आंकड्याच्या मागें काय काय पाहावें हें शिकविणारा इतिहास आपल्या घरचाच आहे. आज आमचीं मुलें पश्चिमेकडे जातात; सवादोनशें-अडीचशें वर्षांपूर्वीं ओघ उलट दिशेनें वाहत होता. तोफा ओतणारे, जहाजें बांधणारे, कवाइती पलटणी उभारणारे यूरोपीय कसबी लोक पगाराच्या आशेनें मराठ्यांच्या दौलतींत येत होते. तो काळ युद्धाचा व हा उद्योगाचा, हा भेद खरा. परंतु आपलें कसब घेऊन परक्या राज्यांत चाकरीस जाणाऱ्या माणसापुढें जे प्रश्न उभे राहतात ते दोन्ही काळीं सारखेच आहेत. ते प्रश्न कोणाला सुटले व कोणाला सुटले नाहींत, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

वडगांवांत सेनापति धनाजी जाधव यांची समाधि आहे. १७०८ सालीं वारणेच्या खोऱ्यांतील या गांवीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या पिढीच्या सरदाराला कोणी ‘आपला पगार किती?’ असें विचारलें असतें, तर तो प्रश्नच त्याला चमत्कारिक वाटला असता. शिवाजी महाराजांचा कटाक्ष रोख वेतनावर होता. परंतु राजाराम महाराजांच्या काळीं मोंगलांशीं झुंजतांना खजिना रिता पडला, आणि वतनांची व सरंजामांची आशा लावूनच माणसें टिकवावीं लागलीं. अशा चाकरीचें मोल जमिनींत, मानांत आणि मुलानातवंडांच्या हक्कांत मुरलेलें असे. परक्या कसबी माणसाला हें वतन काय कामाचें? त्याचें मूळ येथें नाहीं, त्याचीं मुलें येथें राहतील याचा भरंवसा नाहीं. त्याला रोख पाहिजे, आणि ती ठरल्या दिवशीं पाहिजे. म्हणूनच पगाराची उघड व काटेकोर बोलणी पाहावयाची असेल तर ती या परक्या लोकांच्या चरित्रांत पाहावी.

पगाराच्या आंकड्याइतकेंच त्याच्या नियमितपणाला महत्त्व आहे, ही पहिली गोष्ट. मराठी राज्यांत फौजेचे पगार महिनेच्या महिने थकत; मुलूखगिरींतून रक्कम आली म्हणजे कांहीं भाग हातावर पडे व बाकीचा पुढच्या मोहिमेवर जाई. फ्रेंचांच्या तालमींत तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याला ही रीत मान्य नव्हती. निजामाची चाकरी सोडून तो मराठ्यांकडे आला तेव्हां आपल्या लोकांचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा असा त्याचा हट्ट होता, व तो हट्ट पुष्कळांना डांचत असे. पानिपतच्या रणांगणावर हजर असलेल्या काशीराज पंडितानें आपल्या हकीकतींत लिहिलें आहे कीं, १४ जानेवारी १७६१ च्या त्या सकाळीं इब्राहिमखानानें भाऊसाहेबांजवळ या जुन्या नाराजीची आठवण काढली, या महिन्याचा पगार आपल्या लोकांना मिळाला नसल्याचें सांगितलें, आणि तरीहि आज आपण आपलें काम करून दाखवूं असा शब्द दिला. तो शब्द त्यानें पाळला. त्याच्या पलटणी जवळजवळ कापल्या गेल्या व तो स्वतः कैद होऊन मारला गेला. महिन्याच्या महिन्याला पगार मागणारा माणूस लोभी असतो हा आपल्याकडील एक जुना गैरसमज आहे. थकलेला पगार हा कमी केलेला पगारच असतो, एवढेंच त्याला समजलेलें असतें.

या प्रश्नाचा सर्वांत चतुर उलगडा केला तो डी बॉइन यानें. सव्हॉय प्रांतांत शांबेरी येथें १७५१ सालीं जन्मलेला हा गृहस्थ फ्रेंच व रशियन सैन्यांत चाकरी करून १७७८ सालीं मद्रासेस आला, इंग्रज कंपनीच्या पलटणींत कांहीं काळ लहान हुद्द्यावर राहिला, आणि १७८४ सालीं महादजी शिंद्यांच्या चाकरींत शिरला. करार असा ठरला कीं, त्याला स्वतःला दरमहा १००० रुपये मिळावे, आणि तो ज्या पलटणी उभारील त्यांतील दर माणसामागें सरसकट ८ रुपये मिळावे. शिपायाला त्यानें साडेपांच रुपये दिले व उरलेल्या रकमेंतून आपल्या यूरोपीय अंमलदारांचे पगार भागविले. इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरावें लागूं नये अशीहि अट त्यानें घातली असें सांगतात. आपल्याला काय मिळणार याबरोबरच आपण काय करणार नाहीं, हेंहि पहिल्याच दिवशीं ठरवून घेणारा हा माणूस होता.

पुढें १७८८ च्या सुमारास त्यानें फौज वाढविण्याची मागणी केली. महादजींनीं ती मान्य केली नाहीं, तेव्हां त्यानें चाकरी सोडली, लखनौ गांठली, आणि तेथें क्लॉड मार्टिनच्या साह्यानें व्यापार आरंभिला. थोड्याच काळानें महादजींना त्याची उणीव भासली व त्यांनीं त्याला परत बोलाविलें. या वेळच्या अटी निराळ्याच होत्या. फौजेच्या खर्चासाठीं अंतर्वेदींतील एक विस्तीर्ण मुलूख त्याच्याकडे लावून देण्यांत आला, त्याच्या वसुलावर शेंकडा दोन टक्के त्याला मिळूं लागले, आणि त्याचा स्वतःचा पगार वाढत वाढत दरमहा १०,००० रुपयांपर्यंत गेला. पगार ज्या झऱ्यांतून यावयाचा तो झराच हातीं आल्यामुळें थकबाकीचा प्रश्न मुळांतच राहिला नाहीं. लढाईंत जखमी झालेल्याचा पगार तो बरा होईपर्यंत चालूं राही, आणि कायमचा अपंग झालेल्याला अर्धा पगार जन्मभर मिळे. १७९० सालीं पाटण व मेडता येथें या फौजेनें जो पराक्रम गाजविला त्याच्या मुळाशीं कवाइतीइतकाच हा हिशेबहि होता.

डी बॉइनचा पगार त्याच्या कर्तबगारीमुळें वाढला असें सामान्यतः मानलें जातें, व तें खोटें नाहीं. परंतु १७८४ सालींहि तो तितकाच कर्तबगार होता. मधल्या काळांत नवी गोष्ट एकच घडली होती: चाकरी सोडूनहि आपलें पोट भरतें हें त्यानें दाखवून दिलें होतें. लखनौच्या व्यापारानें त्याच्या तलवारीची किंमत वाढविली. ज्याला परत जातां येतें त्याच्याशीं धनी निराळ्या भाषेंत बोलतो, हा सिद्धान्त येथें जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पैशाची जागोजागची निरनिराळी किंमत. शिंद्यांच्या कवाइती फौजेंत कॅप्टनला दरमहा ४००, लेफ्टनंटला २०० व एन्साइनला १५० रुपये मिळत. परंतु हे दर हिंदुस्थानांतले, म्हणजे उत्तरेंतले. तोच अंमलदार दक्षिणेंत चाकरीवर असला म्हणजे त्याला दीडपट पगार मिळे. म्हणजे एकाच हुद्द्याचा रुपया दोन प्रांतांत सारखा धरूं नये, हें तेव्हांच्या फौजेच्या कारकुनालाहि ठाऊक होतें. आजचे सुशिक्षित आईबाप मात्र कॅलिफोर्नियांतील डॉलर वडगांवच्या बाजारांत नेऊन मोजतात.

तिसरी गोष्ट पगार घरीं नेण्याची. तिचा धडा येथें आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं घेतला. १८७३ पर्यंत रुपया सुमारें २४ पेन्सांचा होता. पुढें जगांत चांदी उतरत गेली, तिच्याबरोबर रुपयाहि उतरला, आणि १८९५ च्या सुमारास तो १३ पेन्सांवर आला. इंग्लंडांत मुलांच्या शिक्षणासाठीं दरमहा ५०० रुपये पाठविणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरीं पूर्वीं ५० पौंड पोहोंचत, ते आतां २७ पौंड पोहोंचूं लागले. त्याचा पगार एका पैनेहि कमी झाला नव्हता. तरी त्याच्या बायकामुलांना तो जवळजवळ निम्मा झालेला दिसला. त्यांची ओरड इतकी झाली कीं १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी चांदीच्या खुल्या नाण्यांना बंद केल्या व अधिकाऱ्यांना हुंडणावळीची भरपाई म्हणून निराळा भत्ता सुरू केला. तो भत्ता येथील रयतेच्या पैशांतून दिला गेला हें सांगावयास नकोच. आज आपल्या मुलांच्या बाबतींत वारें उलटें आहे: १९६६ च्या जूनपूर्वीं पावणेपांच रुपयांना मिळणारा डॉलर आज ऐंशींच्या वर गेला असल्यामुळें बाहेर मिळविणाऱ्याचा फायदा होत आला. पण ज्यानें परदेशीं जाण्यासाठीं डॉलरांत कर्ज घेतलें, आणि ज्याला चाकरी मिळाली नाहीं म्हणून तें रुपयांत फेडावें लागलें, त्याला हेंच वारें समोरून लागतें.

चौथी गोष्ट परतीच्या वाटेची; आणि तीच सर्वांत महत्त्वाची असून तीच कोणी विचारीत नाहीं. १६५९ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे लढाऊ जहाजें बांधविण्यास आरंभ केला, तेव्हां तें काम रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कसब्याकडे होतें व त्याच्या हाताखालीं अनेक पोर्तुगीज कारागीर होते. हीं जहाजें उद्यां आपल्याच अंगावर येतील हें ओळखून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांना फिरविलें, व तीं सारीं माणसें काम टाकून निघून गेलीं. चाकराचा आणि धन्याचा करार कितीहि चोख असो, वर दोन राज्यें बसलेलीं असतात आणि तीं आपल्या सोईनें करार मोडूं शकतात.

१८०३ सालीं याचा प्रत्यय फार मोठ्या प्रमाणावर आला. शिंदे व इंग्रज यांचें युद्ध सुरू होतांच इंग्रज सरकारनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील आपल्या प्रजाजनांना ती सोडण्यास फर्माविलें व त्यांच्या पोटापाण्याची हमी दिली. पुष्कळजण निघून गेले. डी बॉइनच्या जागीं आलेला सेनापति पेरों हा फ्रेंच असूनहि सप्टेंबरांत इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्यांना परतीची वाट मिळाली. परंतु यशवंतराव होळकरांच्या चाकरींतील व्हिकर्स, डॉड व रायन या तिघा अंमलदारांना ती मिळाली नाहीं. इंग्रजांशीं लढण्यास त्यांनीं नकार दिला, आणि १८०४ सालीं होळकरांनीं त्यांचा शिरच्छेद करविला. त्यांना मिळणारा पगार इंग्रज कंपनीच्या लहान अंमलदाराला हेवा वाटावा असाच होता. पण ज्या दिवशीं चाकरी सोडण्याची गरज पडली त्या दिवशीं ती सोडतां येत नाहीं असें आढळून आलें. डी बॉइन मात्र १७९५ च्या अखेरीस वेळेवर निघाला, सुमारें चार लाख पौंडांची संपत्ति घेऊन यूरोपांत पोहोंचला, आणि १८३० सालीं आपल्या जन्मगांवीं सुखानें वारला. त्याच्या स्मरणार्थ शांबेरीच्या चव्हाट्यावर चार हत्तींचें कारंजें उभें आहे. व्हिकर्सचें कारंजें कोठें नाहीं. आपल्या गांवांतहि परदेशीं गेलेल्या एकाचा बंगला सर्वांना दिसतो. हात हलवीत परत आलेल्यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

हा प्रश्न केवळ कसबी लोकांचा होता असें मात्र नव्हे. १८३४ नंतर मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील मराठी लोकहि होते. करार पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये आणि वर शिधा. घरच्या रित्या हातापुढें हा आंकडा मोठा वाटला असेल यांत नवल नाहीं. पण एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई, मळा सोडून जाणें हा गुन्हा ठरे, आणि १८६७ च्या कायद्यानें करार संपलेल्या माणसालाहि परवान्यावांचून फिरतां येईना. डी बॉइनचे हजार रुपये आणि या मजुराचे पांच रुपये यांतील अंतर आपल्या डोळ्यांत भरतें. परंतु खरें अंतर एवढेंच कीं, पहिल्याला चाकरी सोडतां येत होती व दुसऱ्याला येत नव्हती. बाकीचें सारें अंतर त्यांतूनच निघालें.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. अमेरिकेंत तंत्रज्ञांना दिला जाणारा एच-वन-बी परवाना १९९० च्या कायद्यानें अस्तित्वांत आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून, अमेरिकेंत उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २०,००० जागा आहेत. त्या कामाचा त्या भागांत चालूं असलेला पगार तरी मिळालाच पाहिजे असा कायदा आहे. तेव्हां आंकडा सहसा लहान नसतो. समजा, तो वर्षाला १,००,००० डॉलर आहे. डॉलरचा भाव ८५ धरला तर ८५ लाख रुपये होतात, व येथेंच घरोघरचा हिशेब संपतो. परंतु जो डॉलर तेथेंच खर्च होतो त्याला तेथील बाजाराचें माप लावलें पाहिजे. जें जीवन अमेरिकेंत एका डॉलरांत मिळतें तें भारतांत सुमारें २० ते २२ रुपयांत मिळतें असें अर्थशास्त्रज्ञांचें अनुमान आहे. म्हणून कर, घरभाडें, विमा व पोटखर्च मिळून ८०,००० डॉलर गेले असतील, तर त्यांतून मिळालेलें जीवन येथील सुमारें १७ लाखांच्या जीवनाएवढें झालें. शिल्लक राहिलेले २०,००० डॉलर मात्र घरीं आणावयाचे आहेत, त्यांना बाजारभाव लावावा; ते १७ लाख होतात. एकूण बेरीज ३४ लाखांची झाली, ८५ लाखांची नव्हे. खर्च तेथल्या भावानें मोजावा आणि शिल्लक येथल्या भावानें मोजावी, हें सूत्र ज्यानें पाठ केलें त्याला पुणें, बंगळूर व न्यूयॉर्क यांची तुलना करतां येईल. कित्येकदां त्या तुलनेंतहि परदेशच जड भरेल. पण तो खऱ्या मापानें भरेल.

आणि परतीची वाट? या परवान्यावरील माणसाची चाकरी गेली तर साधारणपणें ६० दिवसांत त्याला दुसरा धनी शोधावा लागतो, नाहीं तर देश सोडावा लागतो. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याहि एका देशाला सुमारें शेंकडा ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्यामुळें भारतीयांची रांग वर्षानुवर्षें हलत नाहीं. आणि त्या रांगेंत उभा असलेला माणूस धन्याशीं पगाराबद्दल मोकळेपणें बोलूं शकत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें तर नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरांचा आकार एका घोषणेनें बसविण्यांत आला. करारावर वर बसलेलें राज्य काय करूं शकतें याचें १६५९ पेक्षां ताजें उदाहरण शोधावयास नको. जर्मनीचा आंकडा यापेक्षां लहान आहे: तेथील ‘ब्लू कार्ड’ परवान्यासाठीं २०२५ सालीं सामान्य कामांना वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार असावा लागे. परंतु तेथें जर्मन भाषा बऱ्यापैकीं आत्मसात केलेल्याला २१ महिन्यांत कायमचें वास्तव्य मागतां येतें. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळासंबंधीं करार केला, तेव्हांपासून आमच्याकडील तरुण त्या भाषेकडे वळूं लागले आहेत. भाषेवर घालविलेलें वर्ष पगाराच्या पत्रावर दिसत नाहीं. पण लखनौच्या व्यापारानें जें डी बॉइनला दिलें तेंच तें या तरुणांना देऊं शकेल.

परदेशगमनाला विरोध करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. नवें कसब, मोकळी दृष्टि, मोठ्या कामाचा अनुभव, हे लाभ पैशांत मांडतां येत नाहींत. तसेंच म्हाताऱ्या आईबापांजवळ नसण्याची हानीहि मांडतां येत नाहीं. या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या तोलाव्या. आंकड्याच्या पोटांत घालून त्यांना गडप करूं नये. आंकडा तोलतांना मात्र चार प्रश्न विचारावे: हा पैसा तेथें काय विकत घेतो, तो ठरल्या दिवशीं येतो काय, घरीं किती पोहोंचतो, आणि मला जेव्हां नको असेल तेव्हां ही चाकरी सोडतां येईल काय? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें थोडीं कमी समाधानकारक असलीं तरी चालेल, कारण चौथ्याचें उत्तर ‘होय’ असल्यास तीं पुढें सुधारून घेतां येतात. चौथ्याचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर उरलेल्या तिन्हींचीं उत्तरें आज कितीहि गोड असोत, तीं दुसऱ्याच्या मर्जीवर आहेत.

म्हणून जाणाऱ्या मुलाला आईबापांनीं द्यावयाची खरी शिदोरी एकच आहे: त्याच्या परत येण्याची सोय. मुलाच्या तिकिटासाठीं व शिक्षणासाठीं बापानें शेत गहाण टाकलें, तर पगाराचा पहिला हप्ता हातीं पडण्यापूर्वींच परतीची वाट सावकाराकडे गहाण पडते. तो मुलगा मग आपल्या कसबाची किंमत सांगूं शकत नाहीं. देणारा जी देईल ती घेतो. उलट, कर्ज थोडें असून, ‘नाहीं जमलें तर ये, भाकरी आहे’ असें सांगणारें घर ज्याच्या पाठीशीं आहे, तो तितक्याच विद्येवर अधिक पगार मिळवितो. मुलाच्या पगारांत घराचा हा वाटा असतो, आणि तो कोणत्याहि करारपत्रावर लिहिलेला नसतो.